बेडूक सहीची वाट बघत नाहीत

पहिला दणदणीत पाऊस झाला की जमिनीत पुरून राहणाऱ्या बेडकांच्या काही जाती दोन-चार रात्रींत वर येतात, डबक्यांभोवती जमून ओरडतात, अंडी घालतात आणि पुन्हा मातीत शिरतात. त्या रात्री हुकल्या की वर्ष गेलं. अभयारण्यात हा अभ्यास करायचा म्हणून डिसेंबरात वनखात्याकडे अर्ज टाकावा, सगळे कागद जोडावेत, आणि परवानगीचं पत्र हातात पडावं सप्टेंबरात! कालावधी मात्र अर्जात लिहिला होता तोच: १ जून ते ३१ मे. कागदावर पूर्ण वर्ष, प्रत्यक्षात नऊ महिने, आणि त्या नऊ महिन्यांत जून-जुलैचा एकही दिवस नाही. मग मुदतवाढ मागा. मुदतवाढ हवी तर आधी वार्षिक अहवाल द्या. कशाचा अहवाल? जे काम करूच दिलं नाही, त्याचा?

बेडूक निदान पुढच्या पावसात पुन्हा येतील. कारवी सात वर्षांनी फुलते. तिच्या परागीभवनावर काम करणाऱ्याचं पत्र दोन महिने उशिरा निघालं तर त्याने काय करायचं? जेआरएफ आणि एसआरएफ, म्हणजे संशोधकाची कनिष्ठ आणि वरिष्ठ पाठ्यवृत्ती, मिळून पाच वर्षांची. पुढची कारवी फुलायच्या आत ती संपलेली असते. फाइलवर सही करणाऱ्याला दोन महिने म्हणजे काहीच वाटत नाहीत, कारण त्याच्या टेबलावर हंगाम नावाची गोष्टच नसते.

परवानगी नको, असं अजिबात म्हणणं नाही. संरक्षित जंगलात कोण शिरतंय, काय पकडतंय, काय घेऊन जातंय हे विचारलंच पाहिजे. पण विचारायची पद्धत बघा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक अभयारण्यात प्रवेशाची परवानगी देतात. तिथे दिलेली कारणं अशी: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. राष्ट्रीय उद्यानांनाही हेच कलम लागू होतं. संशोधन आणि पर्यटन एका यादीत बसले, आणि बऱ्याच कचेऱ्यांनी त्यांना एकाच मापाने मोजायला सुरुवात केली. म्हणून वटवाघळांच्या अभ्यासाच्या पत्रात अट छापलेली असते, ‘सूर्यास्तापूर्वी वनक्षेत्राबाहेर पडावे’. वटवाघळं सूर्यास्तानंतर बाहेर पडतात! अर्जात रात्री सात ते बारा अशी वेळ स्पष्ट लिहिलेली असते, पण अटींचा मसुदा पर्यटकांच्या पत्रावरून जसाच्या तसा उचललेला असतो. ती एक ओळ बदलून घ्यायला पुन्हा अर्ज, पुन्हा आवक क्रमांक, पुन्हा महिना-दीड महिना.

आता पुढचं. कायद्याच्या व्याख्येत जिवंत प्राणी पकडणं, सापळा लावणं हे ‘शिकार’ या शब्दातच येतं. पक्ष्यांच्या आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना इजा करणं, घरटं विस्कटणं हेही त्यातच. म्हणजे जाळ्यात पक्षी धरून पायात कडी घालून सोडायचा असला तरी कलम १२ खाली वेगळी परवानगी लागते. प्राणी अनुसूची १ मधला, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीतला असेल तर त्याआधी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी, बाकीच्यांसाठी राज्य सरकारची. कडक आहे, पण समजण्यासारखं आहे. चीड येते ती याची, की कुठल्या कामाला कलम २८ पुरेल आणि कुठे कलम १२ लागेल हे अर्ज घेताना कुणी सांगत नाही. सहा महिन्यांनी त्रुटीचं पत्र येतं तेव्हा कळतं. त्यात २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्या सहाच्या चार झाल्या, १ एप्रिल २०२३ पासून त्या लागू आहेत, आणि कितीतरी जाती वर अनुसूची १ मध्ये गेल्या. जुन्या यादीवरून अर्ज भरलात तर अख्खा अर्ज चुकीच्या रस्त्याने जातो. अर्जातल्या प्रत्येक जातीपुढे आजची अनुसूची स्वतः तपासून लिहा. हे काम तुमच्यासाठी दुसरं कुणी करणार नाही.

मातीचा तर वेगळाच गोंधळ. भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार जंगलातली पानं, फुलं, दगड, वरच्या थरातली माती, सगळं वनोपज. बुरशीच्या अभ्यासासाठी दोनशे ग्रॅम माती न्यायची असो की कुणाला ट्रक भरायचा असो, शब्द एकच. अभयारण्यातून काही बाहेर नेण्याबद्दलचं कलम २९ तर वन्यजीवांच्या चांगल्या व्यवस्थापनासाठी आवश्यक असेल तरच, अशा भाषेत लिहिलेलं. मग लिपिक विचारतो, ‘हे कुठल्या कलमात बसवायचं?’ प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर शोधायची जबाबदारी अर्जदाराची कशी?

फाइलचा प्रवास असा. अर्ज वर मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. तिथून अभिप्रायासाठी क्षेत्र संचालकांकडे किंवा विभागीय वन अधिकाऱ्यांकडे, तिथून परिक्षेत्रात आरएफओंकडे, म्हणजे परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांकडे, मग त्याच पायऱ्यांनी परत वर. आरएफओंचा अभिप्राय बहुतेकदा दोन शब्दांचा असतो: ‘हरकत नाही.’ त्या दोन शब्दांसाठी कागद तीन टेबलं खाली उतरतो आणि तीन टेबलं वर चढतो. मधे एखादी बदली झाली की नवीन साहेब ‘प्रकरण समजून घेतो’ म्हणतात आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. फेब्रुवारी ते मे वणव्याचे दिवस, अख्खा कर्मचारीवर्ग जाळरेषांवर आणि पाणवठ्यांवर. त्या काळात परिक्षेत्रात पोहोचलेला कागद तिथेच बसतो, आणि त्याबद्दल आरएफओंना बोल लावता येत नाही. म्हणून पुढच्या पावसाळ्याचं काम असेल तर अर्ज आदल्या पावसाळ्यातच, ऑगस्ट-सप्टेंबरात टाका. हा सल्ला द्यावा लागतो हीच संतापाची गोष्ट आहे, कारण तेव्हा प्रकल्पाला पैसे मंजूर झालेले नसतात, आणि पैसे देणारी संस्था आधी परवानगीचं पत्र मागते.

अर्ज परत येण्याची कारणं ठरलेली आहेत, ती तरी हातची टाळा. ‘कोयना अभयारण्य’ एवढंच लिहू नका. परिक्षेत्र, बीट (एका वनरक्षकाच्या ताब्यातला भाग) आणि कक्ष क्रमांक लिहा, नकाशा जोडा. ‘आवश्यकतेनुसार नमुने’ हे शब्द तर चुकूनही नकोत. किती प्राणी हाताळणार, त्यातल्या किती जणांचा ऊतींचा नमुना घेणार, किती मिलिमीटर, कुठल्या द्रावात ठेवणार, काम संपल्यावर तो कुठे जाणार, सगळं आकड्यात. मदतनिसांची नावं ओळखपत्रांसह द्या आणि गरजेपेक्षा दोन नावं जास्त द्या. एक मुलगा आजारी पडला आणि त्याच्या जागी दुसरा आला, तर पत्रात नाव नाही म्हणून नाक्यावर अडवतात. मदतनीस बदलायला सुधारित पत्र लागतं, आणि ते पुन्हा वरूनच यावं लागतं. गाडी बदलली तरी तेच.

आता सीमा. पट्टेदार वाघ किंवा रानकुत्रे तिलारीतून म्हादईत आणि तिथून भीमगडकडे जाताना राज्याची पाटी वाचत नाहीत. अभ्यासकाला मात्र महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक अशी तीन राज्यं, तीन मुख्य वन्यजीव रक्षक, अर्जाचे तीन नमुने, तीन तारखा. कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावून प्राण्यांची संख्या काढताना गृहीत धरावं लागतं की त्या काळात त्या क्षेत्रातली संख्या बदललेली नाही. वाघासाठी म्हणून पाहणी साधारण ४५ ते ६० दिवसांत आटपायची असते. एका राज्याचं पत्र नोव्हेंबरात आणि दुसऱ्याचं मार्चात आलं तर ते गृहीतकच मोडतं. दोन तुकडे जोडून आकडा काढता येतो, पण तो आकडा कमकुवत असतो आणि पुढे तोच आकडा धरून निर्णय होतात. बरं, एकाच राज्यात तरी सुटका आहे का? अभयारण्याची हद्द ओलांडली की प्रादेशिक वनविभाग, पलीकडे वनविकास महामंडळ. पाहणीच्या दहा किलोमीटरच्या एका रेषेला तीन पत्रं.

आणि अहवाल! इथे खरं डोकं फिरतं.

अटींमध्ये लिहिलेलं असतं: तिमाही अहवाल, वार्षिक अहवाल, अंतिम अहवाल, मूळ माहिती, छायाचित्रं, छापून आलेल्या प्रत्येक शोधनिबंधाची प्रत. मागा, हक्क आहे तुमचा. जंगल लोकांचं आहे, माहिती लोकांची आहे, ती दिलीच पाहिजे. पण कशात देऊ? ठरलेला नमुना नाही. एक विभाग अंश-मिनिट-सेकंद मागतो, दुसरा दशांश अंश. एकाला बांधलेल्या तीन प्रती हव्यात, दुसऱ्याला पेन ड्राइव्ह. स्थानिक नावं लिहायची की शास्त्रीय, हे कुठेच नाही. पोच मागितली तर आवक शिक्का मिळतो, पण आतला मजकूर कुणी वाचला का, अपुरा आहे का, चुकीचा आहे का, हे सांगणारी एक ओळ कधी परत येत नाही. अहवाल कपाटात जातो. अधिकारी बदलतात, कपाट हलतं, पेन ड्राइव्ह कुणाच्या तरी खणात राहतो. पाच वर्षांनी नवा अर्ज येतो आणि त्याच ओढ्यावर, त्याच जातीवर, त्याच पद्धतीने काम मंजूर होतं, कारण आधी झालेलं काम कुणाला माहीतच नसतं. यात नुसता पैसा वाया जात नाही. तेच प्राणी पुन्हा पकडले जातात, पुन्हा हाताळले जातात, काहींच्या ऊतींचे नमुने पुन्हा घेतले जातात. ज्या प्राण्यांच्या रक्षणासाठी ही सगळी परवानगीची व्यवस्था उभी केली, त्यांनाच तिच्या विस्मरणाचा त्रास.

हे अशक्य काम नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे परवाना आणि अहवाल यांची एकच ऑनलाइन व्यवस्था आहे. परवानाधारक दरवर्षी तिथे थोडक्यात अहवाल भरतो आणि कुठल्या उद्यानात कुणी काय अभ्यास केला हे कुणालाही शोधता येतं. आपल्याकडे २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि त्या छायाचित्रांचं व्यवस्थापन केलं गेलं. एवढं जमतं तर एका राज्याच्या संशोधन परवानग्यांची यादी का जमत नाही? शीर्षक, ठिकाण, कालावधी, पद्धत, अहवालाची फाइल. पाच रकाने.

नेमकी ठिकाणं उघड केली तर चोर येतील, हे भय खरं आहे. गोनियुरोसॉरस लुई या पालीचं वर्णन १९९९ मध्ये झालं आणि संग्राहकांनी ती मूळ जागेवरून ओरबाडून नेली. ऑर्किड आणि मंडूकवर्गातल्या जातींनाही हाच धोका असतो. त्यावरही सोपा उपाय आहे. नेमके अक्षांश-रेखांश विभागाकडे, आणि सार्वजनिक यादीत ०.१ अंशापर्यंत ठोकळ केलेले. म्हणजे सुमारे अकरा किलोमीटरचा चौकोन. चोराला उपयोग नाही, पुढच्या अभ्यासकाला पुरेसा आहे.

नमुन्यांचंही तसंच. जैवविविधता अधिनियम २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नवीन जात सापडली तर तिचे नमुने नेमून दिलेल्या भांडारात जमा करायचे, उदाहरणार्थ भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाकडे. तिथे ते सांभाळणारी माणसं आहेत. तरीही एखाद्या पत्रात ‘सर्व नमुने विभागीय कार्यालयात जमा करावेत’ अशी अट येते. ७० टक्के अल्कोहोल उडून जातं, बरणी वरचेवर पाहून भरावी लागते. कार्यालयातल्या फडताळात ते कोण बघणार? दोन उन्हाळ्यांत बरणी कोरडी, चिठ्ठी वाचता न येणारी, आणि त्या प्राण्याचा जीव फुकट गेलेला.

संशोधकांनाही सोडायचं कारण नाही. निम्मा राग आपल्याच लोकांवर आहे. पदवी मिळाली की अंतिम अहवाल न देता गायब होणारे, परवानगी एका ओढ्याची घेऊन शेजारच्या तीन ओढ्यांत जाळी टाकणारे, अडीचशे पानी इंग्रजी प्रबंधाची पीडीएफ ‘अहवाल’ म्हणून ढकलणारे. त्यांनी केलेल्या प्रत्येक चुकीची एक नवी अट होते आणि ती पुढच्या सगळ्यांच्या पत्रात छापली जाते. विभागीय वन अधिकाऱ्याला प्रबंध नको असतो. त्याला हवं असतं: कुठल्या कक्षात काय आहे, कशाला धोका आहे, कुठे आग लावू द्यायची नाही, कुठल्या महिन्यात रस्त्याचं काम थांबवायचं. हे दोन पानांत, मराठीत, नकाशासह देता येतं. जो देत नाही त्याची पुढची परवानगी अडवा, खुशाल अडवा. पण जो देतो त्याला साठ दिवसांत हो किंवा नाही कळवा, आणि नाही असेल तर कारण लेखी द्या.

त्या दोन पानांची एक प्रत बीटच्या चौकीतही गेली पाहिजे. पत्रात अट असते की वनरक्षक सोबत असल्याशिवाय आत जायचं नाही. दिवसाची गस्त संपवून तो रात्री नऊला पुन्हा ओढ्यावर येतो, पावसात बॅटरी धरून उभा राहतो, कुठल्या दगडाखाली काय बसतं ते बोट दाखवून सांगतो. त्या दगडाखाली निघालेल्या बेडकाचं नाव काय ठरलं, हे त्याला कुणीही कळवत नाही.