अडगळ नव्हे, दुसरी संधी

सीबीएस या अमेरिकन टीव्ही चॅनलच्या ‘कॉमेडी स्पॉट’सारख्या उन्हाळी मालिका म्हणजे न खपलेल्या पायलट भागांची (मालिका विकण्यासाठी आधी बनवलेल्या नमुना भागांची) अडगळ, असं एका लेखात म्हटलंय. हे मला अजिबात पटलं नाही. जुने भाग पुन्हा दाखवण्याच्या दिवसांत चॅनलला वेळ भरायचा असे आणि पायलटवर झालेल्या खर्चातलं थोडं जाहिरातींतून वसूल करायचं असे, हे खरंच आहे. पण १९ जुलै १९६० ला याच ‘कॉमेडी स्पॉट’मध्ये ‘हेड ऑफ द फॅमिली’ हा ‘द डिक व्हॅन डाइक शो’चा मूळ पायलट दाखवला गेला, त्याचा उल्लेख तरी हवा होता. विनोदी लेखक-नट कार्ल रायनरने तो लिहिला आणि त्यातल्या बाबांची, म्हणजे रॉबची, भूमिकाही स्वतःच केली. बाबा लेखक आहेत याची छोट्या रिचीला लाज वाटते, म्हणून रॉब त्याला ऑफिसात घेऊन जातो. प्रसंग किती साधा आणि किती खरा! मी हा भाग दोनदा पाहिलाय. लिखाण पक्कं आहे, फक्त नटमंडळी नीट जमलेली नाही. रॉबचं आडनावसुद्धा तिथे नंतरच्यासारखं ‘पेट्री’ नाही, ‘पीट्री’ असं ऐकू येतं.

रायनरकडे तेरा भागांच्या संहिता तयार होत्या. निर्माता शेल्डन लिओनार्डने त्या वाचल्या आणि नट बदलायला सांगितलं. ऑक्टोबर १९६१ मध्ये तेच घर, तेच ऑफिस ‘द डिक व्हॅन डाइक शो’ म्हणून आलं आणि १५८ भाग चाललं. रिचीचा तो प्रसंगही पुढे नव्या नटांसह पुन्हा केला गेला. दोन्ही लागोपाठ बघाच.