उशिराच्या गव्हाला ‘तेच वाण, जास्त खत’ पुरत नाही

“गव्हाचं वाण एकदा चांगलं ठरलं की कधीही पेरा, पहिला नंबर त्याचाच. बोरलॉगनी हेच सिद्ध केलं. उशिराच्या पेऱ्याची वेगळी वाणं ही बियाणं विकायची युक्ती; तूट बी-खत वाढवून भरून निघते.” हा संदेश भरपूर फिरतोय. (बोरलॉग म्हणजे गव्हाची नवी वाणं तयार करणारे, हरितक्रांतीचे जनक मानले जाणारे अमेरिकी शास्त्रज्ञ.) यातलं बियाण्याच्या प्रमाणाचं तेवढं खरं आहे.

आधी पहिल्या नंबराचं. तीच वाणं वेळेवर आणि महिनाभर उशिरा अशी दोनदा पेरली, तर त्यांचा क्रम अनेकदा बदलतो, कारण उशिराच्या पिकाचे दाणे उन्हाच्या तडाख्यात भरतात. दाणे भरताना गव्हाला १५ ते २० अंश सेल्सिअस मानवतं. त्यापुढे दर अंशामागे दाण्याचं वजन साधारण ३ ते ४ टक्के घटतं. अशी ओंबी तळहातावर चोळून फुंकर मारा, कोंड्याबरोबर सुरकुतलेले दाणेही उडतात. स्टार्च तयार करणारी विकरं उष्णतेत मंदावतात, प्रथिनांना तेवढा फटका बसत नाही. त्यामुळे या बारीक दाण्यात प्रथिनांचा टक्का वाढलेला दिसतो, आणि मग तोच गुण म्हणून सांगणारेही भेटतात! उष्णतेत कोणाचा दाणा किती भरतो हे वाणावर ठरतं, आणि वेळेवरच्या पेऱ्यात तो फरक झाकलेला राहतो.

बोरलॉग यांचा दाखला तर संदेशावरच उलटतो. त्यांची वाणं दूरवर चालली हे खरं, पण ती एका वेळच्या पेऱ्यातून निवडलेली नव्हती. १९४५ पासून मेक्सिकोत ते वर्षाला दोन पिढ्या घेत: हिवाळ्यात समुद्रसपाटीलगतच्या सोनोरात, उन्हाळ्यात सुमारे २६०० मीटर उंचीवरच्या तोलुकात. दिवसाची लांबी, तापमान, रोग, दोन्हीकडे सगळंच वेगळं. दोन्हीकडे टिकलं तेच पुढे गेलं. त्यातून दिवसाच्या लांबीवर अडून न बसणारा गहू हाती आला.

मग उशिरासाठी सर्वांत लवकर निसवणारं, म्हणजे ओंबी बाहेर टाकणारं, वाण घेतलं की झालं? तसंही नाही. फार घाईने निसवलं तर फुटवे कमी, ओंब्या कमी. उष्णता टाळायची आणि फुटव्यांनाही वेळ द्यायचा, ही तारेवरची कसरत पैदासकाराला करावी लागते.

बी-खताचं थोडक्यात. उशिरा पेरलेल्या गव्हाला फुटवे कमी येतात, म्हणून बी वाढवणं बरोबरच. पण त्याने ओंब्यांची संख्या सावरते, आणि दाणे भरण्याचे गेलेले दिवस नत्राच्या जादा मात्रेनेही परत येत नाहीत.

विक्रीच्या युक्तीची शंका मात्र मी सरसकट झटकणार नाही. ‘उशिरातही घट कमी’ एवढंच पाकिटावर असेल तर सावध राहावं. समजा, एक वाण हेक्टरी ५० क्विंटलवरून ३८ वर आलं आणि दुसरं ३४ वरून ३१ वर. घट दुसऱ्याची कमी, पण उशिराच्या शेतातही ७ क्विंटल जास्त पहिल्याचेच. म्हणून विक्रेत्याकडे घटीचा टक्का न मागता उशिराच्या पेऱ्यातलं प्रत्यक्ष उत्पन्न मागावं, तेही एकाहून जास्त हंगामांचं. उशिराच्या चाचणीत उष्णतेची एखादी लाट कधी येते यावरही आकडे बरेच हलतात.