मामाची गोधडी

बहिणीकडे गोड बातमी आहे कळल्यावर घरात कामांची वाटणी झाली. आईकडे डिंकाचे लाडू, बाबांकडे नुसतेच फोन आणि रीतीप्रमाणे मामाकडे वाळे-बिंदल्या. सोन्याचा भाव बघून मी जाहीर केलं की बाळासाठी मी स्वतःच्या हाताने गोधडी शिवणार, तीसुद्धा स्वतः रंगवलेल्या कापडाची. आई म्हणाली, "बिंदल्याच घाल बाबा, स्वस्तात सुटशील."

मला वाटलेलं मांजरपाट आणायचा, रंगाच्या पाण्यात बुडवायचा, झालं. छे! आधी सोड्याच्या पाण्यात उकळून खळ काढा, मग हिरड्याच्या पाण्यात भिजवा, वाळवा, मग तुरटीच्या पाण्यात, परत वाळवा, कारण सुती कापडाला रंग धरायची मुळात हौसच नसते, हिरडा आणि तुरटी मध्यस्थीला बसले की मग कुठे ते राजी होतं, थोडक्यात आमच्याकडे लग्न जमतं तसंच.

लाल रंगाला मंजिष्ठा मिळाली. डाळिंबाच्या साली ज्यूसवाल्याकडे मागितल्या तर त्याने पिशवी भरून दिल्या, वर ज्यूसचे पैसेही घेतले नाहीत, बहुतेक दया आली असावी. काळ्यासाठी गंजके खिळे, गूळ आणि पाणी बरणीत घालून पंधरा दिवस गॅलरीत मुरत ठेवायचं होतं. बाबांनी काकवी समजून झाकण उघडलं आणि तेव्हापासून पेपर हॉलमध्येच वाचतात.

हळद सगळ्यात सोपी म्हणे. कापड असलं झकास पिवळं झालं की मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, आणि मग ते धुण्याच्या साबणाने धुतलं तर माझ्या डोळ्यांदेखत लालभडक! आई तिकडे मेथी निवडत होती, तिने मानही वर केली नाही. "हळदीत चुना पडला की कुंकू होतं, पूर्वी तसंच करायचे. साबणातही क्षार असतोच की. लिंबू पीळ." पिळलं, परत पिवळं. "इंजिनियर ना रे तू?"

शिवायला बसलो तेव्हा कळलं की रंगकाम म्हणजे पिकनिक होती. गोधडीच्या पोटात आजीची नऊवारी घातली, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली, त्यामुळे ती जमिनीवर नीट पसरेल तर शपथ. टाके कडेने सुरू करून चौकोनात चौकोन असे आत आत घालत जायचे, म्हणजे मधे पोचेपर्यंत कंबर गेलेली असते. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून शिवायचो. एकदा सुई बोटात गेली आणि माइक चालू होता, त्या प्रोजेक्टबद्दल माझं खरं मत क्लायंटला तेव्हाच कळलं.

मग खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. "टाके केवढाले घातलेत! बाळाच्या पायाचं बोट अडकलं म्हणजे?" मुद्दा बिनतोड होता. त्यांनी बैठक मारली, माझी ओळच्या ओळ उसवली आणि बारीक धावदोरा घालायला घेतला. मग आई बसली, मग मावशी, मग चहा, आणि मला सुया ओवायचं प्रमोशन मिळालं. कोपऱ्यातला काळा चौकोन बघून मावशी म्हणाली, "बारशाच्या आहेराला काळं?" म्हटलं, मावशी, बाळाला तीट लावता ना, ही गोधडीची तीट. मावशी पहिल्यांदाच गप्प बसली.

बारशाला प्रत्येक बाईने गोधडी आधी उलटी करून बघितली आणि माझा एकमेव कोपरा अचूक हुडकला. नाव ठेवताना आत्याच्या पाठीत धपाटे बसत होते तेव्हा मला वाटत होतं दोन-चार इकडेही हाणा, पाठ तरी मोकळी होईल.

नंतर एका सकाळी बहिणीचा घाबराघुबरा व्हिडिओ कॉल. "दादा, बाळाच्या खाली लाल डाग पडलाय, आम्ही डॉक्टरांकडे निघालोय!"

"थांब, शू झाली होती का?"

"रात्री कधीतरी झाली असेल, तशीच राहिली."

मी शिळ्या शूमधला अमोनिया आणि त्याचा क्षार असं समजावायला लागलो तर आईने फोनच ओढून घेतला. "काही झालेलं नाही, लिंबू पीळ."

तिकडे शांतता.

"बाळावर नाही गं, गोधडीवर!"