पुतळा किती फुटांचा, एवढंच विचारणार का?

“आता पहिल्यापेक्षा कितीतरी उंच बांधलाय, विषय संपला.” मालवणच्या राजकोट किल्ल्यावरच्या पुतळ्यावरून आमच्या घरच्या ग्रुपवर चाललेला वाद माझ्या चुलतभावाने, दादाने, या एका वाक्यात मिटवून टाकला. खाली अंगठ्यांची रांग लागली. मला ते वाक्य अजून पचलेलं नाही.

मालवणचं प्रकरण आठवत नसेल तर थोडक्यात सांगते. ४ डिसेंबर २०२३ला, नौदल दिनाच्या दिवशी, राजकोट किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ला तो कोसळला. ताशी ४५ किलोमीटर वेगाचा वारा होता, असं सरकारकडून सांगण्यात आलं. नटबोल्ट गंजल्याचं पत्र सार्वजनिक बांधकाम खात्याने काही दिवस आधीच लिहिलं होतं, हेही बाहेर आलं. मग मोर्चे निघाले, माफी मागितली गेली, अटक झाली. २०२५मध्ये त्याच जागी नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला.

माझं माहेर मेढ्यात, राजकोटपासून हाकेच्या अंतरावर. ताशी ४५ किलोमीटर वारा आमच्याकडे आषाढात कुणी मोजतसुद्धा नाही. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं होतं की पुतळा पडला तो उंची कमी होती म्हणून नव्हे. पाया, जोड, देखभाल यावर कुणी बोलणार आहे का? आणि मालवणच्या माणसाला काय हवं होतं, हे कुणी विचारलं होतं का? त्यावर दादाचं उत्तर आलं: “तुका थंय बसान बोलूक काय जाता गो?”

थंय म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेतलं गेट्सहेड. आणि गेट्सहेडमध्ये राहून पुतळ्यावर बोलायचं नाही, हे मला जमणारं नाही. ए-वन हमरस्त्यावरून कामाला जाताना रोज माझ्या डोक्यावर २०० टनांचा एक पुतळा पंख पसरून उभा असतो. ब्रिटिश शिल्पकार अँटनी गॉर्मलींचा ‘एंजल ऑफ द नॉर्थ’.

उंची २० मीटर, म्हणजे साधारण ६५ फूट. पंखांची लांबी ५४ मीटर. आपल्याकडच्या हिशेबात उंचीचा आकडा किरकोळच. अरबी समुद्रातल्या ज्या स्मारकाचं जलपूजन २०१६मध्ये झालं, त्याचा आकडा २०० मीटरांच्या वर गेला होता, आणि ते अजून उभं राहायचं आहे. एंजल १९९८च्या फेब्रुवारीपासून उभा आहे. ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर वाऱ्याच्या हिशेबाने तो बांधलाय. ज्या टेकाडावर तो आहे, तिथे पूर्वी कोळशाची खाण होती. खालची जमीन पोखरलेली, म्हणून काँक्रीटचे खांब २० मीटर खोल, थेट खडकापर्यंत नेले. जेवढा वर दिसतो तेवढाच खाली. वरचं धड त्या काँक्रीटला तीन-तीन मीटर लांबीच्या बोल्टांनी जखडलंय. पोलादही असं निवडलं की त्यावर चढणारा गंजच आतल्या धातूला सांभाळतो. (हे पोलाद मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात चाललं नसतं, तिथे तो गंज थांबत नाही, पण म्हणूनच तर जागा बघून धातू ठरवायचा असतो.)

ग्रुपवरचा दुसरा पक्षही मला तितकाच खटकतो. “पुतळे कशाला, हॉस्पिटलं बांधा.” गेट्सहेडमध्येही नव्वदच्या दशकात हेच चाललं होतं. टाइन नदीकाठच्या गोद्या बंद पडलेल्या, खाणी संपलेल्या, घराघरात बेकारी. अशा वेळी पालिका आठ लाख पौंडांचा पुतळा उभारणार म्हटल्यावर लोक खवळले. विरोधात मोहीम उघडली गेली, स्थानिक वर्तमानपत्रांनी झोडपून काढलं. हमरस्त्यावरच्या चालकांचं लक्ष उडून अपघात होतील, टीव्ही नीट दिसणार नाही, इथपर्यंत आक्षेप निघाले. त्या पैशातला मोठा वाटा लॉटरीतून कलेसाठीच राखलेला होता, तो इस्पितळाला मिळणारच नव्हता, हे सांगूनही कुणी ऐकेना. पालिकेने मात्र विरोधकांना शत्रू ठरवलं नाही. शाळाशाळांतून मुलांसोबत कामं झाली, आणि एंजल उभा राहण्याच्या दोन वर्षं आधी, १९९६मध्ये, गॉर्मलींचं ‘फील्ड’ हे काम गेट्सहेडच्या जुन्या रेल्वे कारखान्यात मांडून लोकांना दाखवलं गेलं. हा माणूस काय करतो, ते आधी बघा तरी.

त्या ‘फील्ड’बद्दल सांगायलाच हवं, कारण दादाला मी जे समजावू पाहते ते त्यात आहे. १९९३मध्ये लिव्हरपूलजवळच्या सेंट हेलेन्स गावात गॉर्मलींनी शंभराच्या आसपास माणसं गोळा केली. आयाबाया, आजोबा, शाळकरी मुलं, सगळेच. विटांची माती दिली आणि सांगितलं, हातात मावेल एवढी आकृती करा, डोळ्यांच्या जागी दोन खोल भोकं पाडा. बाकी तुमच्या हाताला येईल तसं. सुमारे ४०,००० मातीची माणसं तयार झाली. ती खोलीभर अशी मांडतात की पाय ठेवायला जागा उरत नाही. आपण दारात उभं राहायचं आणि ती चाळीस हजार तोंडं वर करून आपल्याकडे बघतात. १९९४चं टर्नर पारितोषिक, ब्रिटनमधला कलेचा मोठा पुरस्कार, या कामानंतर मिळालं. नाव गॉर्मलींचं झालं हे खरं, पण त्या मातीवरचे बोटांचे ठसे सेंट हेलेन्सच्या लोकांचे आहेत.

अशी दृष्टी या माणसाला आली कुठून? १९५०चा जन्म, लंडनचं सुखवस्तू कॅथलिक घर, सात भावंडांत धाकटा. लहानपणी दुपारी जबरदस्तीने झोपायला पाठवत. डोळे मिटून पडल्यावर आत जो अंधार आणि जी पोकळी जाणवायची, तिथूनच आपलं काम सुरू झालं असं ते सांगत आले आहेत. केंब्रिजला पुरातत्त्व, मानववंशशास्त्र आणि कलेचा इतिहास शिकले, आणि १९७१मध्ये निघाले ते भारत आणि श्रीलंकेत तीन वर्षं राहिले. गोयंका गुरुजींकडे विपश्यना शिकले. इगतपुरीचं केंद्र तेव्हा व्हायचं होतं, शिबिरं मिळेल त्या जागेत भरायची. भिक्षू व्हावं की शिल्पकार, असा प्रश्न त्या तरुणापुढे होता. १९७४ला ते परतले आणि शिल्पकलेकडे वळले.

परतल्यावर केलेलं त्यांचं एक सुरुवातीचं काम आहे ‘स्लीपिंग प्लेस’. आपल्याकडे फलाटावर, फुटपाथवर माणसं डोक्यावरून चादर ओढून झोपतात ना, चेहरा दिसत नाही, नुसता उंचसखल आकार दिसतो, तेच त्यांनी बघितलं होतं. मित्राला जमिनीवर आडवं करून प्लॅस्टरमध्ये भिजवलेली चादर त्याच्यावर पसरली. चादर कडक झाली, माणूस खालून निघून गेला, आकार राहिला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कुडाळचं स्टेशन डोळ्यांसमोर आलं आणि रागही आला. आम्ही आयुष्यभर ज्यांना ओलांडून गाडी पकडली, त्यांच्यात या माणसाला शिल्प दिसलं! पण चोरी केली असं मी म्हणणार नाही. त्याने थांबून बघितलं, आम्ही थांबलो नाही.

त्यानंतरचा त्यांचा सारा प्रवास या एका गोष्टीचा विस्तार आहे. १९८१च्या सुमारास त्यांनी स्वतःच्याच शरीराचे साचे घ्यायला सुरुवात केली. चित्रकार पत्नी व्हिकन पार्सन्स त्यांच्या अंगाला आधी प्लॅस्टिकचा पातळ कागद गुंडाळायच्या, मग प्लॅस्टरमध्ये भिजवलेल्या तागाच्या पट्ट्या. नाक तेवढं मोकळं. प्लॅस्टर सुकेपर्यंत हलायचं नाही. श्वासावर लक्ष ठेवून स्थिर बसणं गोयंका गुरुजींकडे शिकलेलं होतंच. मग कवच कापून माणूस बाहेर काढायचा आणि त्या साच्यावर शिशाचे पत्रे ठोकून डाग देऊन जोडायचे. जोडाच्या रेषा झाकायच्या नाहीत. ना चेहरा, ना मुद्रा, ना पराक्रम. एक माणूस काही वेळ इथे असा होता, एवढीच साक्ष.

इथेच दादा भडकतो. “महाराज आणि कुठलाही माणूस एकाच मापात मोजतेस?” नाही मोजत. पण दादा, सिंधुदुर्ग किल्ल्यात काय आहे ते आठव. होडीतून उतरून महादरवाजातून आत गेलं की वर चुन्यात उमटलेला हाताचा ठसा आहे आणि पायाचा ठसा आहे. महाराजांचे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपलेले, वर छोटी घुमटी. बाबा आम्हाला तिथे न्यायचे तेव्हा वाकून आधी स्वतः बघायचे, मग एकेकाला पुढे करायचे. माझा हात त्या ठशाशेजारी धरून बघितल्याचं मला अजून आठवतं. पुढे राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ. मूर्ती काही उंच नाही. तीनशेहून जास्त वर्षं पूजा चालू आहे, आणि तिथे उभं राहून “मूर्ती किती फुटांची?” असं विचारणारा माणूस मी बघितलेला नाही. ज्या किल्ल्याच्या पायात शिसं ओतलं असं आपण अभिमानाने सांगतो, १६६४ला सुरू झालेला जो कोट साडेतीनशे वर्षं समुद्राच्या लाटा अंगावर घेतोय, त्याच्या समोरच्या खडकावर आपण फुटांची शर्यत लावली. हे मला सहन होत नाही.

तुमच्याकडेही पुतळे पाडतातच की, असं दादाने सुनावलं. हो, २०२०मध्ये ब्रिस्टलला गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा लोकांनी ओढून बंदरात टाकला. पण तो लोकांनी पाडला, वाऱ्याने नाही. आणि लंडनच्या ट्रफाल्गर चौकात राजे आणि सेनापतींच्या रांगेत एक चौथरा रिकामा होता, त्यावर २००९मध्ये गॉर्मलींनी काय केलं? सोडत काढून २,४०० सामान्य माणसांना एकेक तास उभं केलं. दिवसरात्र, १०० दिवस. कुणी भाषण केलं, कुणी नुसतंच उभं राहिलं. आपल्याकडे हे व्हावं असं माझं म्हणणं नाही, महाराजांच्या चौथऱ्यावर तर कधीच नाही. पण चौथरा कुणाच्या मालकीचा, हा प्रश्न त्या देशात मोठ्याने विचारला गेला. लिव्हरपूलजवळ क्रॉस्बीच्या किनाऱ्यावर त्यांची शंभर लोखंडी माणसं समुद्राकडे तोंड करून उभी आहेत. भरतीला बुडतात, ओहोटीला वर येतात, अंगावर शिंपल्या-कालवांचा थर. ती तिथे ठेवायची की हलवायची यावर स्थानिक पालिकेत खडाजंगी झाली. आधी नकार, मग २००७मध्ये होकार. वाद झाला तो काम उभं असताना, सगळ्यांसमोर.

एंजलचं म्हणाल तर तो उभा राहिला आणि तीन महिन्यांत फुटबॉलवेड्या पोरांनी त्याच्या अंगात न्यूकासलच्या शिअररची भलीमोठी जर्सी चढवली. गलोलीने दोर वर फेकून! पोलिसांनी ती उतरवली, पण त्या दिवसापासून पुतळा लोकांचा झाला. आता शेजारच्या झाडांना लोक आपल्या गेलेल्या माणसांचे फोटो, फिती, स्कार्फ बांधतात. तिथे तसं करा असं कुणी सांगितलं नव्हतं.

गॉर्मलींना इथल्या लोकांनी बोलावलं तेव्हा ते आधी राजी नव्हते. टेकाड बघितलं, खाली शेकडो वर्षं अंधारात राबलेल्यांचा विचार केला, आणि मग तयार झाले. बांधला हार्टलपूलच्या वेल्डरांनी, जहाजाच्या फासळ्यांसारख्या फासळ्या बाहेरून ठेवून. गोद्या गेल्या तरी हातातलं कसब गेलेलं नाही, हे त्यात दिसतं. मालवणात होड्या बांधणारे हात आहेत, खाऱ्या वाऱ्यात कुठलं लोखंड किती पावसाळे टिकतं हे तोंडपाठ असणारे मिस्त्री आहेत. त्यांना कुणी विचारलं असतं तर?

मी इतक्या हिरिरीने हे का लिहिते, तेही सांगते. इथे कौन्सिल टॅक्स भरते, निवडणुकीत मत देते, ए-वनच्या रुंदीकरणापासून कचऱ्याच्या डब्यांपर्यंत पत्रं येतात आणि मी उत्तरं पाठवते. लंडनहून परतताना एंजल दिसला की घर आलं असं वाटतं, आणि पाहुण्यांना तो मी आमचा म्हणून दाखवते. पण १९९८ची भांडणं माझी नव्हती. मी आले तेव्हा सगळं निवळलेलं होतं, मला तो प्रेमासकट तयार मिळाला. इथल्या कशानेही माझी झोप उडालेली नाही. राजकोटचा पुतळा पडल्याचा व्हिडिओ आला त्या रात्री मी झोपले नाही. वहिनीने फोनवर सांगितलं की दादा पावसात तिथे जाऊन आला आणि रात्री जेवला नाही. तो नव्या पुतळ्याची उंची सांगतो तेव्हा ती रात्र पुसायला बघतो, हे मला कळतं. पण उंचीने ती पुसली जाणार नाही, आणि मी लांब आहे म्हणून माझं दुखणं कमी प्रतीचं ठरत नाही.

दादा, विषय संपलेला नाही. नव्या पुतळ्याचे जोड आणि बोल्ट वर्षातून किती वेळा तपासतात, कोण तपासतं, आणि तो अहवाल मालवणच्या माणसाला वाचायला मिळतो का, एवढं नगर परिषदेत जाऊन विचार. अर्ज मी लिहून पाठवते, सही तुझी लागेल.