सॉरी म्हणा, मोकळे व्हा

'माझं चुकलं' हे वाक्य चुकूनही तोंडातून काढू नका. त्यात 'माझं' येतं आणि तिथेच माणूस सापडतो. 'चूक झाली' त्यातल्या त्यात बरं, म्हणजे पाऊस झाला तशी तीही झाली. पण 'सॉरी'ची सर कशालाच नाही. दोन अक्षरं, कर्ता नाही, कर्म नाही, क्रियापदही नाही. कोण चुकलं, काय चुकलं, भरपाई कोण करणार, कशाचा पत्ता लागू न देता माणूस सभ्य ठरतो.

मन खात असेल तर व्युत्पत्ती बघा. जुन्या इंग्रजीत 'सार' म्हणजे वेदना, त्यावरून 'सारिग' आणि त्याचा पुढे 'सॉरी' झाला. दुखऱ्या जागेला म्हणतात तो 'सोअर' याचाच सख्खा भाऊ. दुःखाला म्हणतात तो 'सॉरो' मात्र नात्यातला नाही, नुसता तोंडावळा सारखा. म्हणजे मुळात सॉरी म्हणणारा सांगत होता की मला दुखतंय. पाय तुम्ही दुसऱ्याचा तुडवायचा आणि कळ तुमच्याच काळजात! आपला फारसीतून आलेला 'दिलगीर'ही त्याच वळणाचा, मूळ अर्थ खिन्न. माफी मागणाऱ्याने आधी स्वतःची तब्येत सांगावी, ही रीत जुनीच आहे.

सुरुवात सोप्या प्रयोगापासून करा. ऐकू आलं नाही की 'सॉरी?' म्हणायचं, शेवट चढा. कुणी अगदीच बिनडोक बोललं तरी हाच शब्द, हाच सूर, फक्त एक भुवई वर. भुवई विसरलात तर तो बिचारा सगळं पहिल्यापासून सांगायला बसेल.

'सॉरी, पण' हा पुढचा धडा. यावर फार वेळ घालवू नका. 'पण'च्या पुढे मनसोक्त भांडता येतं, एवढं पुरे.

खरी कलाकुसर आहे ती 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' या वाक्यात. त्यातलं 'असेल तर' नीट बघा. मी काही केलं का, हा प्रश्नच उरत नाही. चौकशी सुरू होते ती तुमच्या वाटण्याची. मी एका मित्राला तीन आठवडे टांगून ठेवलं आणि मग हे वाक्य पाठवलं. त्याच्या नावाखाली 'टाइप करत आहे' बराच वेळ दिसत राहिलं, थांबलं, पुन्हा दिसलं. शेवटी उत्तर आलं: 'अरे नाही रे, मीच जरा जास्त मनाला लावून घेतलं. सॉरी.' मी उदार मनाने माफ केलं.

इतक्या निरुपद्रवी शब्दाला कायद्यानेही अभय दिलंय. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताने 2009 साली खास माफीचा कायदा केला: दिवाणी दाव्यात तुमचं सॉरी म्हणजे दोषाची कबुली धरता येत नाही. ब्रिटिश कोलंबियाने तर 2006 मध्येच ही सोय करून ठेवली होती. लोकांनी न घाबरता माफी मागावी म्हणून हे कायदे झाले म्हणे. असोत बापडे. आपण त्यातला आपल्या उपयोगाचा भाग घ्यावा.

संख्येचंही भान ठेवा. एकदा म्हटलेल्या सॉरीत धोका असतो, ऐकणारा ते खरं धरू शकतो. 'सॉरी सॉरी सॉरी' असं तिनदा घाईघाईने म्हटलं की त्याचा अर्थ 'जरा सरका' एवढाच उरतो.

या सगळ्या व्यवस्थेला एकच शत्रू आहे: शांतपणे 'सॉरी कशाबद्दल?' विचारणारा माणूस. अशी माणसं घरात जास्त आढळतात. गडबडून खरं कारण सांगू नका. ऐकू न आल्याचा चेहरा करा, भुवई जागेवर ठेवा आणि सूर चढवून म्हणा, 'सॉरी?'