लाल ओळ दिसली म्हणून फॉरमॅट मारू नका

सांगली-मिरजेकडच्या दुरुस्तीवाल्यांच्या आणि इंजिनिअरिंगच्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टम) सुरू होताना ‘फेल्ड टू स्टार्ट लोड कर्नल मॉड्यूल्स’ अशी लाल ओळ आली, की कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, करप्ट झाला समजा. सिक्युअर बूट (मान्य सही नसलेलं सॉफ्टवेअर बूटला रोखणारी सोय) बंद करा. तरी जमलं नाही तर फॉरमॅट मारा आणि पुढं अपडेट बंदच ठेवा. लॉग (मशीननं ठेवलेली नोंद) वाचण्यात वेळ घालवू नका. एवढाच त्याचा मजकूर. तो वाचून लोक खरोखर डिस्क पुसायला निघतात, म्हणून हे लिहितोय.

पहिला मुद्दा, कर्नल करप्ट झाल्याचा. ती ओळ छापतो सिस्टमडी, म्हणजे बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम, आणि कर्नल उभा राहिल्याशिवाय सिस्टमडी सुरूच होत नाही. म्हणजे ओळ दिसली याचाच अर्थ कर्नल चालू आहे. मॉड्यूल म्हणजे कर्नलला गरजेप्रमाणे जोडला जाणारा तुकडा, बहुतेकदा ड्रायव्हर. वायफाय, साउंड वगैरेंचे मॉड्यूल यूडेव्ह हार्डवेअर ओळखून आपोआप जोडतो. ही लाल ओळ त्यांच्याबद्दल नसतेच. ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरातल्या ‘मॉड्यूल्स’ फाइलीत किंवा ‘मॉड्यूल्स-लोड डॉट डी’ मध्ये नावांची एक छोटी यादी असते, तेवढीच ‘लोड कर्नल मॉड्यूल्स’ ही सेवा वाचते. यादीतलं एक नाव जरी अडलं तरी ती लाल होते. बाकीची नावं लोड झालेली असतात.

‘लॉग वाचू नका’ हा तर सगळ्यात घातक सल्ला. गेल्या हळदीच्या हंगामात मार्केट यार्डातल्या एका अडतीवर गेलो होतो. सौदे सुरू होते आणि पट्ट्या (सौद्याची बिलं) निघत नव्हत्या. त्यांचा जुना बिलिंग प्रोग्रॅम लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर उभा करणारा प्रोग्रॅम) चालतो. दुरुस्तीला आलेल्या पोरानं पेनड्राइव्ह लावून ठेवला होता. म्हणाला, “अण्णा, कर्नल गेलाय. फॉरमॅटच मारावं लागंल.” अण्णांची तीन वर्षांची खाती त्याच डिस्कवर होती, दुसरीकडं कॉपी नाही. मी त्याला म्हटलं, पाच मिनिटं थांब.

‘जर्नलसीटीएल’ या लॉग दाखवणाऱ्या कमांडला चालू बूटपुरता आणि ‘सिस्टमडी-मॉड्यूल्स-लोड’ सेवेपुरता लॉग मागितला. एकच ओळ कामाची निघाली: ‘फेल्ड टू फाइंड मॉड्यूल’ आणि त्यापुढं व्हर्च्युअलबॉक्सच्या मॉड्यूलचं नाव, ‘व्हीबॉक्स-डीआरव्ही’. म्हणजे चालू कर्नलसाठी तो मॉड्यूल तयारच झालेला नव्हता. ‘यूनेम’ कमांडनं कर्नलच्या आवृत्तीचा आकडा पाहिला, तर अपडेटनंतर कर्नल नवा आणि हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) जुन्याच कर्नलचे. नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधणारा डीकेएमएस तो बांधणार कशावर? नव्या आकड्याचे हेडर्स टाकले, डीकेएमएसनं मॉड्यूल बांधला. ‘मॉडप्रोब’ ही मॉड्यूल लोड करणारी कमांड चालवली, ती काही न बोलता परतली, म्हणजे काम झालं. दुपारच्या सौद्याच्या पट्ट्या छापल्या गेल्या.

त्या दिवशी नेट नसतं, तरी ग्रब या बूट मेनूच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडून काम चाललं असतं. मॉड्यूलची गरजच उरली नसेल, तर यादीतल्या त्या नावापुढं हॅशचं चिन्ह टाकलं की लाल ओळही जाते.

सिक्युअर बूटचा मुद्दा अर्धा खरा आहे. लॉगमध्ये ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असेल, तर मॉड्यूलवरची सही मान्य झालेली नाही. तेव्हा सिक्युअर बूट बंद केल्यावर तो लोड होईलही. पण ‘फेल्ड टू फाइंड’ असेल तर त्यानं काडीचाही फरक पडणार नाही. सहीचाच घोटाळा असेल, तर ‘मोकयुटिल’ कमांडनं सही तपासायची आपली किल्ली (एमओके) नोंदवावी. पुढच्या बूटला निळा पडदा येतो, तिथं ‘एनरोल एमओके’ निवडायचं. पोरं घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबतात, मग किल्ली नोंदलीच जात नाही आणि दोष लिनक्सला. लॅपटॉपवर शेजारी विंडोज असेल आणि डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल, तर सिक्युअर बूट हलवल्यावर विंडोज 48 आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती जवळ नसेल तर पंचाईत.

आता फॉरमॅट. नव्यानं टाकल्यावर लाल ओळ जाते हे खरं, कारण नव्या यादीत ते नावच नसतं. मशीननं मागणंच सोडलं, म्हणून तक्रार थांबली. अण्णांच्या अडतीवर ओळ गेली असती, प्रोग्रॅमही गेला असता आणि खातीही. मशीन अगदी ‘इनिट-रॅम-एफएस’च्या (बूटच्या सुरुवातीच्या टप्प्याच्या) प्रॉम्प्टवर अडलं, तरी आधी लाइव्ह पेनड्राइव्हनं (ज्यावरून थेट लिनक्स चालतं) डेटा बाहेर काढा. तो आजार वेगळा आहे, त्यात डिस्कचा ड्रायव्हरच सापडलेला नसतो, डिस्कच दिसत नसते किंवा डिस्कवरची फाइल सिस्टम बिघडलेली असते.

अपडेट बंद ठेवल्यानं सुरक्षेच्या दुरुस्त्याही बंद होतात. त्यापेक्षा कर्नलबरोबर हेडर्स आपोआप येतील असं पॅकेज टाका, आणि बूट पार्टिशन भरलंय का ते अधूनमधून बघा. तिथं जागा नसली की नवा कर्नल अर्धवट बसतो.

ग्रुपवर मदत मागताना नुसत्या लाल ओळीचा फोटो टाकू नका. लॉगमधली ती कामाची ओळ आणि ‘यूनेम’चा आकडा पाठवा. आणि त्या पोरासारखा पेनड्राइव्ह लावून बसला असाल, तर आधी तो काढा.