पाव जिलबीचा आनंद

इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी सकाळी सात चाळीसला येते. आमचे चिरंजीव सात पंचविसालाच फाटकाशी उभे असतात. वय २७, उंची सहा फूट, पायाशी डब्यांची रांग. वरात दाराशी आल्यावर वधूपित्याच्या चेहऱ्यावर जो ताण दिसतो, तोच रोज सकाळी याच्या चेहऱ्यावर असतो.

घरात त्याला सगळे दादा म्हणतात. सुरुवात धाकट्या बहिणीनं केली, मग आम्ही म्हणायला लागलो, आता गाडीवरचा पोरगाही म्हणतो. "भिया राम, दादा!" अशी रोज इंदुरी रामरामाची हाक येते. दादा काही बोलत नाही. तो गाडीचे कप्पे तपासत असतो.

दादाला ऑटिझम आहे. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द ज्यानं काढला त्याला चार दिवस आमच्याकडे राहायला बोलवावं, असं फार मनात आहे. आमचा मुलगा स्वतः सोडून बाकी सगळ्यांत मग्न असतो. सध्या अख्ख्या गल्लीच्या कचऱ्यात आहे.

दुसऱ्या गावात हे जड गेलं असतं. पण इंदूर पडलं २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं शहर! इथे कचरा ओला आणि सुका एवढ्यावर भागत नाही. प्लास्टिक वेगळं, सॅनिटरी वेगळं, औषधं-रंगांसारखं घरातलं घातक सामान वेगळं, ई-कचरा वेगळा. एकूण सहा प्रकार. सामान्य माणसाला हा जाच वाटतो. दादाला मात्र जग पहिल्यांदाच कुणीतरी नीट लावून ठेवल्यासारखं वाटलं असावं. नियमाचं जे वेड या शहराला आहे तेच माझ्या मुलाला आहे. फरक इतकाच, की शहराला त्याबद्दल बक्षीस मिळतं आणि मुलाला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र.

जाच होतो तो आम्हाला. माझ्या यजमानांनी एकदा घड्याळातला संपलेला सेल तीन दिवस शर्टाच्या खिशात बाळगला, कारण तो कुठल्या डब्यात जातो हे मुलाला विचारायची त्यांची छाती होईना. बँकेत तीस वर्षं ऑडिटला न घाबरलेला माणूस! चौथ्या दिवशी शर्ट धुवायला पडला, दादानं खिसा तपासला आणि सेल जेवणाच्या टेबलावर ह्यांच्या ताटाशेजारी आणून ठेवला. एक अक्षर बोलला नाही. आरोपपत्र असं दाखल करावं.

दिवाळीत पुण्याच्या वन्सं आल्या होत्या. त्या ग्रीन टी पितात. टी-बॅग त्यांनी ओल्या कचऱ्यात टाकली. दादानं ती वर काढून सोडवली. पत्ती ओल्यात गेली, दोरा आणि चिठ्ठी सुक्यात गेली, आणि उरली ती इवलीशी पिन. ती दोन बोटांत धरून तो वन्संसमोर उभा राहिला. वन्संनी हसून पाहिलं, मग न हसता पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्या आमच्यासारखा आल्याचा चहा घेऊ लागल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "वहिनी, तुमचं मराठी अगदीच हिंदी झालंय हो." राग कुठेतरी काढावा लागतो.

आता जिलबीचं सांगते.

शेजारच्या काकूंच्या मुलाला बंगळुरात नोकरी लागली तेव्हा पेढे आले. सून आली, पेढे आले. फ्लॅट घेतला, पेढे आले. आम्ही किती दिवस नुसते खाणार? शेवटी आम्हीही वाटायचं ठरवलं. इंदुरात रविवारी सकाळी वाफेवरचे पोहे, वर शेव आणि जीरावन मसाला, आणि सोबत जिलबी असतेच, तेव्हा गोड म्हणून जिलबीच ठरली. पण दादाच्या बातम्या निघाल्या इतक्या बारीक आणि इतक्या वारंवार, की चार महिन्यांत ह्यांची साखर वाढली. डॉक्टरांनी विचारलं, "घरी काही कार्यं वगैरे?" काय सांगणार? म्हणून आम्ही माप ठरवलं. मुलगा पहाटे साडेपाचपर्यंत झोपला, पाव जिलबी. नको असलेलं ताट ढकलून न देता "नको" म्हणाला, अर्धी. हे "नको" त्याच्या तेविसाव्या वर्षी आलं. बाकीची मुलं ते दुसऱ्या वर्षी शिकतात आणि मग थांबतच नाहीत, त्यामुळे त्याची चव कुणाला कळत नाही.

दाढीचंही असंच. एके दिवशी त्यानं डावा गाल स्वतः केला. फक्त डावा. अर्धी जिलबी. उजव्या गालाला पुढे तीन आठवडे लागले, तोवर तो बापाकडे होता. त्या आनंदात मी काकूंकडे वाटी घेऊन गेले. "काय विशेष?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "दादानं उजवा गाल केला." काकूंनी जिलबी घेतली, पण चेहऱ्यावर काय आणावं हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

लोकांना वाटतं ऑटिझम हा शाळेतला विषय आहे, अठराव्या वर्षी सुटतो. जिथे जावं तिथे भिंतीवर फुगे आणि अस्वलं, बसायला वीतभर खुर्च्या. आमचा लेक तिथे गुडघे हनुवटीला लावून बसतो. फॉर्मवर प्रश्न असतो, "खेळणी कोणती आवडतात?" आणि कायदा मात्र म्हणतो की १८ पूर्ण झाली, मुलगा सज्ञान, आईबापाचं पालकत्व संपलं. मग १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करून तेच पालकत्व परत मागून घ्यायचं. इतकी वर्षं विनापरवाना चालवलेलं दुकान रीतसर करायचं म्हणा ना.

त्या कागदांसाठी आम्ही एका कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाबूंनी मान वर न करता विचारलं, "बच्चे को लाए हो?" मी शेजारी बोट दाखवलं. बाबूंची नजर दादाच्या शर्टाच्या बटणांवरून एकेक पायरी चढत वर गेली. "ये? पर ऑटिझम तो बच्चों को होता है ना?"

"जी," मी म्हटलं, "फिर बच्चे बड़े हो जाते हैं."

तेवढ्यात दादानं बाबूंच्या टेबलावरचा कागदी कप उचलला, आतला अर्धा चहा कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये ओतला आणि कप सुक्याच्या डब्यात टाकला. चहा निवला की दादाच्या लेखी तो कचरा. "अरे, मेरी चाय!" बाबू ओरडले. पण ओरडून करणार काय? भिंतीवर स्वच्छतेची पाटी होती, आणि डबा बरोबर होता. अर्ज दोन मिनिटांत आत गेला. टेबलावर पाण्याची बाटली अजून शिल्लक होती, हेही कारण असेल.

आणि मग गेल्या महिन्यातला तो मंगळवार. गाडी आलीच नाही.

दादाच्या मनगटावर त्याच्याच दातांचा एक व्रण आहे. तो गाडी न आलेल्या अशाच एका जुन्या सकाळचा आहे. म्हणून सात पंचेचाळीसला मी पडद्यामागे उभी राहिले आणि ह्यांनी गाडीवरच्या पोराला फोन लावला. टायर बसलं होतं. सात पन्नासला दादाचं एका सुरातलं गुणगुणणं सुरू झालं. मग पुढे-मागे झुलणं. हात फडफडू लागले. मी गॅस बंद केला, सुरी आत ठेवली, जे जे करायचं ते केलं.

आठ वाजता दादानं डबे उचलले आणि दारात आणून ओळीनं लावले. आत आला. माझ्याकडे नाही, गॅसकडे बघत म्हणाला, "गाडी लेट. चहा."

चहा गाडीनंतर. इतक्या वर्षांत तो गाडीआधी कधी झालेला नाही. मी चहा टाकला आणि साखर दोनदा घातली, तीही मीठ नाही ना हे चाखून. दादा तो गोड काढा दोन्ही हातांत धरून प्यायला, फाटकाकडे बघत. गाडी आठ पंचावन्नला आली.

त्या रात्री पाव नाही, अर्धी नाही. हे एकटेच सराफ्यात गेले, कारण दिवसा सोन्याची दुकानं आणि रात्री खाण्याची असलेल्या त्या बाजारातला गोंगाट दादाला सोसत नाही. येताना जलेबा घेऊन आले. जलेबा म्हणजे जिलबीचा आजोबा, एकच नग ताटभर. आमच्या मापात तो होता, पण उघडायची वेळ प्रथमच आली होती. साखरेची गोळी घेऊन हे बसले, लेक व्हिडिओ कॉलवर आली, आणि आम्ही अकरा वाजता तो मोडला.

दादाला जिलबी आवडत नाही. हाताला चिकटते. तो समोर बसून आमचं कधी होतंय याची वाट बघत होता. झाल्यावर त्यानं खोका उलगडून सुक्यात टाकला, पिशवी प्लास्टिकमध्ये टाकली. राहिला तळाचा कागद, तुपा-पाकात भिजलेला. तो दिव्याखाली धरून त्यानं दोन्ही बाजूंनी पाहिला, आणि आमच्याकडे वळला.

"ओला का सुका?"

हे म्हणाले ओला. मी म्हणाले सुका. फोनमधून लेक म्हणाली, "मी ठेवते हं, उद्या ऑफिस आहे." दादा कागद धरून उभा आहे आणि साडेअकरा वाजलेत.